फोन बंद नव्हता

माझा दादा मल्हार वायफाय बसवतो. म्हणजे बसवायचा. आमी माणचे, घरात पहिल्यापासनं मेंढरं, पण हा सांगलीला आला आणि लोकांच्या छताला डबे ठोकत फिरला. त्यात त्याला काय एवढं भारी वाटायचं कुणास ठाऊक! "आगं, ह्यो नवा डबा सगळीकडं उधळत न्हाई. फोन जिथं हाय तिकडंच जोर लावतोय. बीमफॉर्मिंग म्हणत्यात."

त्याच भरवशावर त्यानं लालासाहेबांच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला दोनाऐवजी एकच डबा बसवला. जाड थर्माकोलच्या भिंती, आत मोबाइलला रेंजच न्हाई, कॉल लागला तर वायफायवरच. दादानं जानेवारीत आत हिंडून बघितलं, पार कोपऱ्यातनं कॉल लागला. पण जानेवारीत ते मोकळं असतं ना! माल उन्हाळ्यात येतो.

मे महिन्यात बॉक्स छताला टेकले. जेवणाच्या सुट्टीत हमाल जोतीरामकाका एकटेच आत होते, आणि थप्पी अंगावर आली. माणसं जेवून आली तवा काका गेले होते. हातात फोन.

दादा त्याच जागी जाऊन उभा राहिला. स्क्रीनवर वायफाय दिसत होतं, कॉल जात नव्हता. डब्याचा आवाज फोनपर्यंत येत होता, फोनचा बारीक आवाज मात्र बेदाण्याच्या थप्प्यांत जिरत होता. फोनचं उत्तरच आलं न्हाई तर डबा नेम धरणार कुठं?

रक्षाविसर्जनाला नदीवर सगळे हमाल जमलेले. लालासाहेब श्रद्धांजलीला उभे राहिले. "जोतीराम लय कष्टाळू. पण फोन बंद ठेवला गड्यानं, न्हाईतर आमी धावलो असतो."

मी दादाचा शर्ट धरला, खरंच धरला, तरी तो उठला.

"फोन चालू व्हता. काका कॉल लावत व्हते. मी मोकळं गोदाम बघून एकच डबा बसवला, त्यो पोचला न्हाई."

"बस खाली, मल्हार! कुठं काय बोलतोयस!" लालासाहेब ओरडले.

काकांची बायको रंगूबाई बायकांतनं पुढं आली. "कुणाला लावत व्हते?"

"तुमालाच, काकू. मी फोनमधी बघितलं, सारखं तुमालाच."

ती दादाच्या पुढ्यात आली. मग म्हणाली, "म्हंजी तू मारलास व्हय रं त्यास्नी?"

"व्हय, काकू."

तिनं त्याच्यावर हात उचलला न्हाई. उचलायला पाहिजे होता. तेवढ्यानं तरी तो रडला असता.