चौथ्या गल्लीतला कट्टा

मी खंडोबापुढं दिवा लावणं सोडलं होतं. तीस वर्षं शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बायकोला स्वतःचं नावही आठवेना, तेव्हा हात कुणापुढं जोडायचे? त्यात आम्ही जुनी वस्ती सोडून पडेगावच्या नव्या कॉलनीत आलो होतो. इथली सगळी घरं एकाच पिवळ्या रंगाची, फाटकं सारखी, गल्ल्या सारख्या. आमच्या बाजूला खुणेला ना दुकान, ना झाड. मीच दोनदा दुसऱ्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो, मग हिचं काय? हिला तर चालल्याशिवाय चैन पडत नसे आणि बाहेर पडली की घर सापडत नसे. शेवटी मी फाटकाला कुलूप घातलं. ती दिवसभर गज हलवायची. मला मुख्याध्यापक समजून विनवायची, "सर, शाळा सुटली. आता जाऊ द्या ना."

एका दुपारी पाण्याचा टँकर आला. फाटक उघडलं, पाइप टाकीत सोडला, वळून पाहतो तर ही नाही.

धावत सुटलो. एक गल्ली, दुसरी, तिसरी. तीच घरं, सगळी दारं बंद, विचारायचं कुणाला? समोर दौलताबादचा रस्ता, सुसाट ट्रक. तिकडं वळलो आणि चपलेचा अंगठा तुटला. पाय मुरगळून तिथंच मटकन बसलो. रडूच आलं. म्हणालो, "खंडेराया, माझ्यानं नाय होत आता. तूच बघ."

तेवढ्यात मागून, चौथ्या गल्लीतून, हिचं हसणं ऐकू आलं. लंगडत गेलो. एका घरापुढं कडुलिंब, त्याखाली कट्टा. एक वयस्कर बाई गोधडी शिवत होती आणि ही तिला जुन्या साड्यांच्या घड्या घालून देत होती.

"चाचा, ये आपा तुमारी है क्या?" बाई म्हणाली. "लई थकी थी. पूरे कॉलनी में बैठने को यहीच एक जगा है ना. झाड देखके खुदीच आके बैठी."

अंगठा तुटला नसता तर मी रस्त्यावरच शोधत राहिलो असतो. कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. कुलूप मात्र काढलं. शेजाऱ्यांना म्हटलं, फाटकं निरनिराळ्या रंगांनी रंगवा. काहींनी रंगवली, काही हसले. दोन वळणांवर बाकं आली. तरी जीव अजून धास्तावलेलाच असतो.

रोज सकाळी ही पुढं चालते, मी दोन पावलं मागं. पूर्वी तिचा हात धरून घराकडं ओढायचो. आता ती वळेल तिकडं वळतो, आणि मनात एवढंच म्हणतो, देवा, आज ही चालतीय, ही तुझीच कृपा.