जर्मन जोडायची मशीन

आज सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसले पण मन लागलं नाही. चूक माझी, म्हणून आधी तीच लिहिते.

आमच्या अकोल्याकडच्या मालेगावातल्या घराच्या ओट्याला लागून धरमसिंगचं दुकान आहे. माणूस तांड्यावरचा, चाळिशीतला, वेल्डिंग नागपूरच्या कारखान्यात शिकलेला. जर्मनच्या पत्र्याच्या दुधाच्या कॅन करतो. पण गॅसच्या जाळानं पातळ पत्र्याला भोकं पडतात, अर्धं काम वाया जातं. म्हणून दर दिवाळीनंतर दुकान बंद, आणि बायको रामीबाईला घेऊन ऊसतोडीला. पातळ पत्रा न जाळता जोडणारी आर्गन वायूची मशीन आली तर यंदा जायचं नव्हतं.

त्याला लिहिता येत नाही. अकोल्याच्या व्यापाऱ्याला चिठ्ठी मीच लिहिली : जर्मन वेल्डिंगची मशीन पाहिजे. आमच्याकडे अल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. लिहिताना हात थांबलाच नाही.

आज दुपारी धरमसिंग अकोल्याहून आला तो आमच्या ओट्यावर भिंतीला टेकूनच बसला.

“शेठाणीबाई, दोन मैने लावून त्यानं जर्मनी देशाची मशीन आणून ठेवली ना!”

“मग चांगलीच असेल की.”

“दिसाले नवरीवानी हाय. म्या पत्रा संग नेला होता, म्हटलं जोडून दाखव. दुधावर साय धरते ना, तशी जर्मनवर पापडी असते. ते फोडाले उलटसुलट चालनारा करंट लागते. हिचा एकाच बाजूनं चालते. पत्रा काळा पडला, जोड धरलाच नाई. लोखंडाले बेस हाय म्हने.”

“अन् दुसरी?”

“मागवतो म्हने. सा मैने लागतीन.”

“भाऊ, हे माझ्या एका शब्दापायी झालं.”

“म्या बी जर्मनच सांगतलं होतं. तुमी काय अल्युमिनियम लिवान?”

आतून हे म्हणाले, “अरे, हातातली घेऊन टाक. लोखंडाची कामं कर, ऊसतोड तरी टळेल.”

“लोखंडवाले गावात चार हायेत, शेठजी. त्याइच्यात मी पाचवा कायले? मले कॅन कराच्या हायेत.”

रामीबाई केव्हाची दारात उभी होती. धरमसिंगनं तिच्याकडे पाहिलं.

“माह्या तोंडाकडे काय पाह्यतं?” ती म्हणाली. “मागव दुसरी. पन पत्रा जोडून दाखोल्याबिगर घेऊ नोको. ऊसतोडीच्या मुकादमाले मी निरोप धाडते, यंदाबी येतो म्हना.”

मग ती उंबऱ्यावर बसली. चहा दिला, तो निवून गेला. उठताना गुडघ्यावर हात ठेवून किती तरी वेळ तशीच वाकून राहिली.