बार खाली येत नाही

इओपू वीस वर्षं आमच्या गावातून आपियाला जाणारी बस चालवायचा आणि तिच्यात चढायचा तिरका होऊन, कारण सरळ मावतच नसे. सामोआत दर दुसरा माणूस तरुणपणी वजनं उचलतो, मग लग्न करतो आणि पुढे फक्त जेवतो. मीही त्यातलाच. इओपूचं लग्न झालं, तीन मुलं झाली, एक गुडघा कायमचा बिघडला, तरी फेऱ्या संपल्या की तो चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर. ती व्यायामशाळा त्यानेच उभी केली होती. सुरुवातीला ट्रकचा मोडका दांडा आणि सिमेंट भरलेले डबे, एवढंच सामान होतं.

वर्षातून एकदा तो आम्हा सगळ्यांची पैज लावायचा. बक्षीस म्हणजे डबाबंद मासळीचा एक खोका आणि वर्षभर बढाया मारायचा हक्क. हरणाऱ्याने सगळ्यांची भांडी घासायची. कुणी कितव्या नंबरावर उचलायचं त्याची यादी लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं आणि खांदा वाईट.

नियम एकच, आणि त्यात तो दगडासारखा. बारवरचं वजन वाढत जाईल, कमी होणार नाही. ज्याला जे झेपतं ते त्याने वेळेवर उचलावं. त्याची मुलगी लांगी सोळा वर्षांची असताना एकदा बोलत बसली, तिला झेपणारं वजन मागे राहून गेलं. पाच किलो उतरवा म्हणून ती रडली. इओपूने उतरवलं नाही. ती आठवडाभर बापाशी बोलली नाही आणि गावाने त्याला निर्दयी ठरवलं. मीही ठरवलं होतं.

मग साखरेने त्याला धरलं. डाव्या पायाची जखम सहा महिने भरेना. गुरुवारी तो इस्पितळातून आला आणि बसच्या पायरीवर बसून त्याने मला सांगितलं की सोमवारी गुडघ्याखालून पाय कापणार आहेत. मी उगाच बसचा आरसा पुसायला लागलो. त्यालाच माझी दया आली असावी.

"पाउलो, शनिवारी पैज ठेवू," तो म्हणाला. "मला ऐंशी उचलायचंय. फक्त ऐंशी. माझ्या दोन पायांवर उभं राहून, एकदाच."

"डॉक्टरांना विचारलंस का लेका?"

"सोमवारी पाय त्यांचा. शनिवारी अजून माझाच आहे."

एकेकाळी दीडशे डोक्यावर नेणारा माणूस ऐंशी मागत होता. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि माझ्याबाबतीत ही साधी गोष्ट नव्हे.

शनिवारी दुपारी मी यादी लिहायला बसलो. अवा, म्हणजे मुळांपासून केलेलं आमचं पेय, त्याच्या बैठकीत शेवटचा पेला मानाचा असतो, तो कुणाला द्यायचा यावरून आमच्याकडे भावाभावांची तोंडं फिरलेली मी पाहिली आहेत. हातात पेन आलं आणि माझ्या डोक्यात फक्त मान उरला. मी इओपूचं नाव सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत लिहिलं. नावाखाली रेघही मारली. यादी खांबाला लावली, सगळ्यांनी वाचली आणि बरोबर आहे म्हणून माना डोलावल्या. ऐंशी हा आकडा मला एकट्याला ठाऊक होता, आणि मीच तो विसरलो.

सत्तरने सुरुवात झाली. टोमणे सुरू झाले. कुणाचं पोट बारला आधी लागतं, कुणाची बायको त्याच्याहून जास्त उचलते. इओपू बाकावर बसून पायाला बांधलेल्या फडक्याशी चाळा करत हसत होता. ऐंशीवर दोघं आले नि गेले. पंचाऐंशीच्या प्लेटा चढल्या तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. सगळ्यांसमोर दिलेला मान नाकारून आपला नंबर वर मागणं त्याला जीव गेला तरी जमलं नसतं. आणि मी गाढव, मला वाटलं तो खूश आहे.

शेवटचा पोरगा एकशे तीस उचलून ओरडत नाचला. मी इओपूचं नाव पुकारलं. ते तोंडातून बाहेर पडत असतानाच मला आठवलं: ऐंशी.

तो उठला. हाताला खडूची पावडर लावली आणि लंगडत बारपाशी गेला. मी जवळ जाऊन त्याच्या कानात म्हणालो की चूक माझी आहे, उतरवतो. लांगी तोवर प्लेटांना हात घालून बसली होती.

"बाबा, उतरवू या. कुणी काही म्हणणार नाही."

"तुझ्यासाठी उतरवलं होतं का?" तो म्हणाला. रागाने नाही. तिने हात काढून घेतले.

त्याने वाकून बार धरला. पाठ सरळ केली, छाती पुढे, जसं आम्हा सगळ्यांना त्याने शिकवलं होतं तसंच. पण ओढलं नाही. नुसता धरून राहिला. तेवढ्यात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला आणि गावच्या रिवाजाप्रमाणे सगळे जागच्या जागी बसले. तोही बसला, बारखालच्या फळीवर, पाय पसरून, एक हात बारवर ठेवून. प्रार्थना संपल्यावर त्याने नळावर हात धुतले आणि घरी गेला.

सोमवारी पाय गेला. मी तीनदा इस्पितळात जाऊन माफी मागितली. तिन्ही वेळा त्याने विषय बदलला आणि बसचा नवा ड्रायव्हर ब्रेक कसा मारतो ते विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी लांगीने त्याला चाकांच्या खुर्चीतून शेडमध्ये आणलं. मी यादीत त्याचं नाव सगळ्यात वर लिहिलं होतं आणि बारवर ऐंशी चढवून ठेवले होते. यातून मला काय साधायचं होतं, मला आजही नीट सांगता येत नाही. मी नाव पुकारलं आणि लगेच वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

इओपूने बारवरच्या प्लेटा मोजल्या.

"घड्याळ लाव," तो म्हणाला.

प्रत्येकाला एक मिनिट असतं. मी घड्याळ लावलं. लांगी तोंड फिरवून उभी राहिली. इओपू दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून काटा बघत बसला होता. त्याने स्वतःच खडू लावून घेतला होता, ते मला तेव्हा दिसलं.

"मिनिट संपलं," तो म्हणाला. "वजन वाढवा."