लंगोटाची गाठ

माझी आई चंपा घाटकोपरच्या चाळीत शेजाऱ्यांची पोरं सांभाळायची. लंगोट गळला की ती पोरावर नाही, बांधणाऱ्यावर भडकायची. "ही काय गाठ आहे? गंमत आहे नुसती!"

शहाऐंशी साली कुंडलिक मला बघायला आला. त्याने पोह्यांची बशी घेतली आणि शेजारचा मोन्या दुडुदुडु येऊन त्याच्या मांडीवर बसला. लंगोट मीच घाईत बांधला होता. व्हायचं तेच झालं, पांढरी पँट भिजली. वाट लागली, म्हणत मी डोळे मिटले.

उघडले तर कुंडलिक दोरीवरचा कोरडा लंगोट मोन्याला बांधत होता. "बहिणीची पोरं मीच सांभाळतो," तो हसत म्हणाला.

आईने गाठ ओढून बघितली. मुलाकडच्यांनी पसंती सांगायच्या आत तीच म्हणाली, "मुलगा आम्हाला पसंत आहे. पोरीला मात्र गाठ मारायला तूच शिकव रे!"