आमच्या कोडबाई

कोडबाईंना एखाद्या केसपेपरची शंका आली, की त्या शिपायाला पाठवत नसत. दुखऱ्या कमरेनं दोन जिने चढून स्वतः वॉर्डात येत. एकोणीसशे सत्तरच्या आसपास सुरतेतल्या आमच्या इस्पितळात रेकॉर्ड विभाग त्यांच्याकडे होता. मूळच्या त्या डॉक्टर. पण राऊंडला उभं राहणं झेपेना, म्हणून हे काम आलं. प्रत्येक निदानाला रोगांच्या जागतिक यादीतला आकडा, म्हणजे कोड, द्यायचा, म्हणून सगळे त्यांना कोडबाई म्हणत. मी तेव्हा नवी डॉक्टर होते.

नुसतं ‘जुलाब’ लिहिलेलं त्यांना चालत नसे. ‘‘अगं, जुलाब हे लक्षण झालं. रक्त पडतंय का? तपासलंस का?’’ रक्ताची आव दिसली की बहुतेक जण सवयीनं ‘अमिबाची’ लिहून टाकत. त्यावर त्या म्हणत, ‘‘अमिबाचा आकडा वेगळा, जंतूंच्या आवेचा वेगळा, औषधही वेगळं. माहीत नसेल तर तसं लिहा. त्यात कमीपणा नाही.’’

नवागामचा जगन हा लूमवरचा कामगार अमिबाचं औषध घेऊन घरी गेला आणि अधिकच खंगून, ताप घेऊन परत आला. जुना केसपेपर काढताना कोडबाईंनी पाहिलं, तर शौचाची तपासणीच झाली नव्हती. त्या तडक वर आल्या. जगनची बायको खाटेच्या पायथ्याशी बसली होती.

‘‘घरात आणखी कुणाला त्रास?’’

‘‘धाकलीले बी कालपासून रगत पडस, बाई.’’

‘‘मग इथं काय बसलीस? घेऊन ये तिला!’’

पोर आली तेव्हा डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी. मी सलाईन लावलं. दोघांचंही शौच तपासलं. अमिबा कुठेच नव्हता, पुढे जंतूंची आव ठरली. मोठ्या डॉक्टरांनी औषध बदललं. जगनचा ताप उतरला. धाकलीनं डोळे उघडून भाकर मागितली, तेव्हा तिची आई हसता हसता रडायला लागली. कोडबाईंनी महापालिकेला कळवून त्या गल्लीतलं पाणीही तपासायला लावलं. त्यानंतर आमच्या वॉर्डात न तपासता आवेचं नाव लिहायला कुणी धजावलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला मी गेले.

‘‘वॉर्ड सुटला तेव्हा मी फार रडले होते गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वाटलं, आपलं डॉक्टरपण संपलं. उगाच रडले.’’

आणि हसत, बडोद्याची गाडी पकडायला रिक्षात बसल्या.