अंबुबाईनं ओढलेली काडी

वडगावची आमची अंबुबाई तीस वर्षं पॉवरलूमवर साड्या विणते. धागा कशाचा आहे ते ती पेटवून बघते. सूत जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून चिकटतं.

परवा बेळगावच्या एका दुकानात तिला आपणच विणलेली पॉलिस्टरची साडी दिसली. साडीला लावलेल्या किमतीच्या चिठ्ठीवर हिरवं पान आणि खाली छापलेलं: ‘पर्यावरणपूरक, शुद्ध सुती, नऊ हजार.’

“ही मीच विणलीया. सुताचा एक धागा न्हाय हिच्यात!” ती गिऱ्हाइकांदेखत ओरडली.

मालकानं तिचा हात पिरगळून तिला काउंटरवर आपटलं. ओठ फुटला. अंबुबाईनं दातांनी साडीचा काठ फाडला, काडी ओढली आणि पेटती चिंधी त्याच्या मनगटावर दाबली. तो किंचाळत हात झटकू लागला.

“कशाला झटकतोस रं?” अंबुबाई रक्त थुंकत म्हणाली. “सूत असतं, तर राख होऊन उडालं असतं.”