राखणीचे कोंबडे

आरे-वारेच्या रस्त्याला आमच्या चिकनवाल्याची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे आणि पुढे दुकान. बोलताना तो समोरच्याकडे बघत नाही, पिल्लांकडे बघतो. पाण्याच्या पिंपात अँटिबायोटिकची पावडर टाकायची आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळायची, ही त्याची रोजची सवय. "आजाराची वाट कशाला बघायची," म्हणायचा.

शेडच्या मागे मात्र दोन गावठी कोंबडे बांधलेले असत. त्यांना विहिरीचं पाणी. ते गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, राखण म्हणून बळी द्यायचे.

"देवाला औषधाचा कोंबडा चालत नाय."

"आणि आम्हाला?" मी विचारलं.

"तुम्हाला सवय झाली आता," तो वजनकाट्याकडे बघत म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती.

कोंबड्या साफ करताना त्याच्या बायकोच्या बोटाला सुरी लागली. हात खांद्यापर्यंत सुजला. मी इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर सांगत होते, जंतूंना औषध लागूच पडत नाही. त्याने खिशातून पावडरचं पाकीट काढलं. "हे देऊन बघा साहेब. आमच्या पिल्लांना लगेच गुण येतो."

डॉक्टरांनी नाव वाचलं आणि पाकीट परत केलं. "यांना पहिल्या दिवसापासून हेच औषध चालू आहे."

त्याने दोन्ही कोंबडे राखणदाराला दिले. तरी ती गेली.

परवा गेलो तर मागे नुसत्या दोऱ्या होत्या. तो पिंपात हात घालून ढवळत होता. मी म्हटलं, "अजून?"

"नवीन पिल्लं आलीत," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "पावडर नाय घातली तर मरतील ती."